चिखलात ठेवलंय

सकाळी सातला, पाणी पुरतं ओसरल्यावर, खाडीकाठच्या खारफुटीतून मातीचा पहिला नमुना वर आला. एका बाजूने उघडी पोलादी नळी चिखलात दाबायची, फिरवायची आणि वर ओढायची, एवढंच काम. पण चिखल तिला सुखासुखी सोडत नाही.

नळी आडवी ठेवून थोरली गुडघ्यांवर बसली. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिचे केस पिकायला आले होते. वरचा थर तपकिरी, त्याखाली निळसर काळा, केसासारख्या मुळांनी विणलेला, नासक्या अंड्याचा वास येणारा. असंच असायला हवं होतं. पण त्याच्याही खाली एक फिकट पिवळा पट्टा होता. तिने चिमटीत धरून काहीतरी उचललं. रंध्यातून निघालेली ढलपी. तिची वळी अजून सुटली नव्हती.

थोरलीचे वडील होड्या बांधायचे. त्यांची शेड झाडांच्या मागे अजून उभी होती. आता तिचा धाकटा भाऊ तिथे होड्या दुरुस्त करायचा. रोज संध्याकाळी बाबा भुसा आणि ढलप्या गोळा करून शेडपासून पाण्यापर्यंत चिखलावर पसरायचे, म्हणजे नवी होडी ढकलताना पाय रुतत नसत. टोपली थोरली धरायची. तरीही चिखल कुणाची ना कुणाची चप्पल गिळायचाच. ती रडायला लागली की बाबा म्हणायचे, "हरवली नाही गं, चिखलात ठेवलीय." मग घरात जे सापडेना ते चिखलात ठेवलेलं. आईची कात्री, शेजाऱ्यांनी नेलेली शिडी, धाकट्याचं गणित. आई गेल्यावर मात्र बाबा हे वाक्य कधी बोलले नाहीत.

पुढे नोकरीत थोरलीला कळलं की बाबा थट्टेत का होईना, खरं तेच सांगत होते. झाडं हवेतला कार्बन घेतात, खारफुटी त्यातला बराचसा मुळांत उतरवते, आणि मुळं मेली तरी त्या चिखलात हवा नसल्यामुळे नीट कुजत नाहीत. कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो. झाडं तोडून चिखल उकरला की तो सुटतो. बंदराचा नवा रस्ता खाडीच्या या काठाने न्यायचा की पलीकडच्या, हे त्यावरच ठरणार होतं. जिथे साठा कमी, तिथली झाडं जाणार. या काठावर झाडांबरोबर शेडही जाणार होती.

धाकटा चहा घेऊन आला.

"काय ताई, आमचा चिखल पास झाला का?"

"आत्ता तर काढलाय. दम धर जरा."

"तोंड बघून कळतं गं. माझा निकाल लागायचा तेव्हा अस्संच तोंड करायचीस."

तिने ढलपी पुढे केली. त्याने कप खाली ठेवला.

"बाबांची! बघ, अख्खी निघालीय. माझी निम्म्यातच तुटते." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "लाकूड म्हणजे कार्बनच ना? मग आकडा फुगेल की!"

"तीच तर अडचण आहे. हे झाडांनी नाही साठवलेलं. बाबांनी टाकलंय."

"टाकलं बाबांनी, पण धरून कुणी ठेवलंय? ही बघ मुळं, आरपार गेलीत."

खरंच गेली होती. ढलपीच्या वळीतून एक बारीक मूळ ओवल्यासारखं निघालं होतं.

"कुणाला कळणार आहे, ताई?"

"मला कळलंय ना."

"अगदी बाबा आहेस. होडी विकताना ठिगळ कुठे मारलंय ते आधी दाखवायचे, आणि आई आतून कपाळ बडवायची."

थोरलीने हाक मारून नमुने घेणाऱ्या पथकाच्या प्रमुखांना बोलावलं. ते एक बूट चिखलाला देऊन, दुसऱ्यावर लंगडत आले. तिने पट्टा दाखवला, टोपलीची गोष्ट सांगितली.

"शेड तुमच्या घरची आहे हे माहीत होतं," ते म्हणाले. "भुशाचं नव्हतं. हा नमुना बाजूला ठेवा. जिथे भुसा पोचलाच नसेल, तिथला घ्या."

"आणि तिथला आकडा कमी आला तर?" धाकट्याने विचारलं.

"तर कमी आला."

जागा थोरलीनेच दाखवली. वाकड्या झाडापलीकडची, जिथे कमरेपर्यंत रुतायला होतं म्हणून बाबा त्यांना कधी जाऊ देत नसत. तिथून निघालेल्या नळीत चिखल आणि मुळांखेरीज काही नव्हतं. रंगावरून आकडा सांगता येत नाही. तरी ती बराच वेळ बघत राहिली. तिने जाताना पाहिलं तर धाकटा रिकामे कप घेऊन शेडच्या दारात उभा होता.

दुपारी प्रयोगशाळेत पलीकडच्या काठाचे आकडे आले. तिथला साठा चांगला होता. या काठाचा नमुना भट्टीत वाळत होता. वजन उतरायचं थांबेपर्यंत पुढची तपासणी करता येत नाही.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

"काय ताई?"

"ओली आहे अजून माती."

"आणि बाबांची ढलपी? आणलीस का?"

"नमुन्यातलं काही घरी नेता येत नाही रे."

"म्हणजे चिखलात ठेवलीस."

ती हसली. फोन ठेवून तिने नमुना पुन्हा तोलला. वजन अजून उतरत होतं.