सतरा इंच सहा सूत

बाबा गेल्यानंतर तीन महिन्यांनी मी सांगलीहून आणलेलं खोकं उघडलं. आत अ‍ॅक्रिलिकच्या कापलेल्या पाच बाजू, एक न कापलेला तुकडा आणि एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली आकृती होती. सगळ्या अ‍ॅक्रिलिकवर तपकिरी कागद तसाच होता. हे कॅबिनेट ते माझ्या कॉम्प्युटरसाठी करत होते.

सांगलीत चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापली. फ्लेक्स आल्यावर काम आटलं. मग कुठेतरी मोबाइलवर त्यांनी काचेसारखं कॅबिनेट पाहिलं आणि मला साताऱ्याला फोन केला, "शरयू, तुझ्या मशीनची मापं पाठव. लोकांची नावं पुष्कळ केली, आता तुझ्यासाठी एक काम करतो." एका सराफाच्या पाटीतून उरलेला धुरकट रंगाचा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा त्यांनी सहा वर्षं सांभाळून ठेवला होता. त्यातून पाच बाजू कापून झाल्या. पंख्यांची गोल भोकं असलेली पुढची बाजू तेवढी राहिली.

ती कापायला बाबांच्या दुकानात जायला हवं होतं. तिथे आता बाबांना अण्णा म्हणणारे त्यांचे जुने जोडीदार नाथाजीकाका एकटे बसतात. पण बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून तेच सांत्वन पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी मलकापूरला लेझर कटिंगच्या दुकानात गेले.

तिथल्या जयराजने पत्रिका उलटसुलट केली. "मॅडम, हे काय, सतरा–सहा?"

"सतरा पॉइंट सहा इंच."

"नक्की ना? तुकडा एकच हाय. चुकलं तर मला शिव्या घालू नका."

"नक्की," मी म्हणाले. 

घरी येऊन टेबलावर सहाही बाजू चिकटपट्टीने उभ्या केल्या. पुढची बाजू खाली टेकवली की वर फट राहत होती. वर सरकवली की खाली. जेमतेम चार मिलिमीटर. मी बाकीच्या तीन उभ्या बाजूंची उंची मोजली. ती तिन्हींची सतरा पॉइंट सहापेक्षा जास्त भरली.

शेवटच्या महिन्यांत बाबांचा हात थरथरायचा. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरायचे. म्हणून आता वाटलं, झालं, हात चुकला. तिन्ही वेळा चुकला, आणि त्यांना ते कळलंही नाही. त्यांचं आजारपण मी पाहिलं होतं, सोसलं होतं, पण ही एक गोष्ट मला नको होती.

रविवारी सगळं चादरीत गुंडाळून मी सांगलीची एसटी धरली.

नाथाजीकाकांनी सांत्वन केलं नाही. खुर्ची पुढे ओढली, कागदाची कड सोलून बाजू उजेडात धरल्या, बोट फिरवलं. "ह्या पाच अण्णाच्या. ही कुणाची?"

"मी कापून घेतली. पण काका, बाबांचीच मापं चुकलीत. कागदावर सतरा पॉइंट सहा आहे आणि कापलंय मोठं."

"पॉइंट कुठं हाय ह्यात?"

"ही रेघ..."

काका पत्रिकेकडे बघत राहिले आणि एकदम हसले. "आगं ताई, एवढी कपाटभर पुस्तकं वाचलीस आणि बापाचं सूत न्हाई कळलं व्हय? सतरा इंच, सहा सूत. इंचात सूतं किती?"

मी पत्रिकेवरची ती रेघ पुन्हा पाहिली.

"आठ. धा न्हवं. म्हंजे पावणेअठरा." त्यांनी माझ्या बाजूला पट्टी लावली. "सव्वा सूत कमी हाय ही. अण्णाचं बराब्बर हाय. केसभर न्हाई हललेलं."

सूत हा शब्द मला ठाऊक होता. वाचनात शेकडो वेळा भेटला होता. इंचात ती आठ असतात हे मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं. चूक माझी आहे हे ऐकून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. डोळे भरून आले तेव्हा काका पाठ करून अ‍ॅक्रिलिक चिकटवायच्या क्लोरोफॉर्मची बाटली शोधायला लागले. ती त्यांच्यासमोरच होती.

"आता ही लावायची का?" त्यांनी माझी बाजू उचलली. "खाली पट्टी चिकटवून भागंल. पत्रा अण्णाचा हाय. ह्या रंगाचा माल आता येत न्हाई. माझ्याकडं नुसता पांढरा पारदर्शक."

"बाबांनी लावली असती?"

"तू सांग. मला इचारू नको."

एकदा एका औषधाच्या दुकानाची पाटी चढवून झाल्यावर त्यातलं एक अक्षर बाबांना किंचित आखूड वाटलं होतं. दुकानदार म्हणत होता, रस्त्यावरून कुणाला दिसतंय? बाबा शिडी लावून पुन्हा वर चढले होते.

"नाही," मी म्हणाले. "दुसरी कापा."

काकांनी अर्ध्या तासात पारदर्शक बाजू कापली. धुरकट तुकडा त्यांनी कुणाच्या तरी घरनंबराच्या आकड्यांसाठी बाजूला ठेवला. ठेवू का, असं विचारलं नाही, तेही बरं झालं.

मग कडेचा कागद सोलून त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली. "सांध्यात सोड. थेंबथेंब. आन् दाबून धर, हलू नको."

पातळ द्रव सांध्यातून आपोआप पुढे सरकत गेला. त्याच्या मागे कड काचेसारखी स्वच्छ होत गेली. मी दोन्ही तळव्यांनी बाजू दाबून धरली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. काका दुसरं काहीतरी घासत बसले. पाच मिनिटं झाली, मग दहा.

"सोड आता," ते मान वर न करता म्हणाले. "धरलंय त्यानं."

मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग हात काढले.