सात दिवसांचं पाणी

वाळवंटात हिरवळ फुलवण्याचं स्वप्न मानवजात हजारो वर्षं पाहत आली आहे. शिरीषनं ते २००५च्या नोव्हेंबरात पाहिलं, कारण सासरे येणार होते.

सौदी अरेबियात अल खफजीला तेल कंपनीच्या कॉलनीत त्याच्या घरामागे प्रशस्त अंगण होतं. अंगणात वाळू होती आणि कोपऱ्यात एका काटेरी झाडाचा वाळका सांगाडा. नऊ वर्षांत शिरीषला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण कमलाकरराव म्हणजे नाशिकच्या पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. अकरा पूल बांधलेला माणूस. शिरीष इन्स्ट्रुमेंटेशनचा. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं, की कमलाकरराव म्हणत, "मीटर चालतात का ते बघतात." लग्नाला बारा वर्षं होऊन गेली, पण जावयाबद्दल त्यांच्या तोंडून एक बरा शब्द निघाला नव्हता.

"या खेपेला निघेल," असं बायकोला सांगून शिरीषनं अंगणाचं ड्रॉइंग काढायला घेतलं.

"बाबांच्या तोंडून?" मंजिरी म्हणाली. "अरे, पूल पडेल एखादा."

ड्रॉइंग तीनदा सुधारलं. दगडी फरशीचा ठसा उमटवलेलं विटकरी रंगाचं काँक्रीट, मध्ये दोन आळी, त्यांत दोन कडुलिंब. कोपऱ्यातल्या सांगाड्यावर तांबडी फुली मारून शेजारी लिहिलं, 'काढणे'. मग त्याची एक प्रत कौतुकानं बेडरूमच्या कपाटावर लावली आणि दुसरी आझमगढच्या सिराजुद्दीन ठेकेदाराच्या हातात दिली.

सिराजुद्दीननं काम संपवलं ते सासरे येण्याच्या आदल्या दिवशी. फरशी अशी चकाकत होती, की शिरीषला तीवर पाय ठेववेना. सांगाडा मात्र जागेवरच होता.

"और ये?"

"साहब, ये सिदर है. मुबारक पेड़ है, सिदर को हम हाथ नहीं लगाते. आपको काटना है तो आप काटिए." सिराजुद्दीननं अवजारं गाडीत टाकली. "और सुनिए, ऊपर केमिकल मारा है. पानी बिल्कुल नहीं लगाने का. बाहर का नल तो खारा है, एकदम सफेद कर देगा. खलास."

दुसऱ्या दिवशी कमलाकरराव चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले. फरशीभोवती एक फेरी मारली. उकिडवे बसले. बोटाच्या पेरानं ठकठक केलं. शिरीष श्वास रोखून उभा राहिला.

"कधी ओतलं?"

"काल, बाबा."

"आणि पाणी?"

"इकडे वरून केमिकल मारतात. पाणी लागत नाही."

कमलाकररावांनी मुलीकडे असं पाहिलं, की जणू पत्रिका जुळवताना काहीतरी राहून गेलं होतं. "शिरीषराव, काँक्रीटला सात दिवस पाणी लागतं. हे मी सांगत नाही, काँक्रीट सांगतं. फावडं आहे का घरात?"

इथे शिरीषला खाऱ्या नळाबद्दल सांगता आलं असतं. पण बारा वर्षांत सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच कामाला जोडीला घेतलं होतं. तो फावडं आणायला गेला.

दोघांनी फरशीवर वाळूचे बांध घातले आणि नळ सोडला. सात दिवस, रोज सकाळी ड्यूटीआधी, शिरीष पाइप धरून उभा राही आणि कमलाकरराव एकेक पूल पुन्हा बांधत. पाचव्या पुलापर्यंत 'शिरीषराव'चं 'शिरीष' झालं. जादाचं पाणी उतारानं कोपऱ्याकडे जात राहिलं.

आठव्या दिवशी फरशी वाळली आणि दुपारपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीफेक झाली. सिराजुद्दीन शब्दाचा पक्का होता.

"अगं बाई!" मंजिरी म्हणाली. "मिठागर काढलंत की काय!"

"सिमेंट भेसळीचं असणार इकडचं," कमलाकरराव म्हणाले. कडुलिंबांनी कुणाचीच बाजू न घेता पानं गाळली.

फेब्रुवारीत सासरे परत निघायच्या आदल्या सकाळी मागच्या दारातून हाक आली. शिरीष धावत गेला. कोपऱ्यातला सांगाडा हिरवागार झाला होता आणि कमलाकरराव त्याचं पान बोटांत चोळत होते.

"अहो, ही तर बोर! आमच्या मळ्याच्या बांधावर होती तिचीच बहीण." त्यांनी खोडावर बोटाच्या पेरानं ठकठक केलं. "शिरीष, आजकालचे इंजिनिअर जागा मिळाली की आधी झाड तोडतात. तुम्ही ठेवलंत. त्याला शहाणपण लागतं."

आणि लगेच नाशिकला बहिणीला फोन लावला. "हेमलता, जावयाला नजर आहे हं आपल्या! वाळकं झाड जिवंत आहे हे ओळखलं त्यांनी."

मंजिरीनं शिरीषकडे पाहिलं. शिरीषनं नम्रपणे मान खाली घातली, आत गेला आणि कपाटावरचं ड्रॉइंग काढून घडी घातली. कोपऱ्यात तांबडी फुली होती. खाली सही त्याचीच होती.