उजवा कौल

शालिग्राम मॅट्रिक पास झाला आणि देवासच्या त्या घरात दोन कॉलेजांचं भांडण लागलं. एक इंदूरचं, जुनं, बी.ए.चं. दुसरं मुंबईचं, नुकतंच निघालेलं. तिथं म्हणे नुसत्या व्यापाराचीच पदवी मिळत होती. इंदूरला गेला तर तो शनिवारच्या शनिवार टांग्यानं घरी येणार, मुंबईला गेला तर वर्षाकाठी एकदा. या फरकाचा विचार करणारी घरात एकटी दुर्गाच होती, त्याची बायको. पण सोळा वर्षांच्या सुनेला विचारतो कोण?

विचारलं गेलं रघुजीकाकांना. काका दरबारच्या पागेत होते, आणि घोडी सोडून बाकी सगळ्या विषयांत त्यांचं मत ठाम असे.

"अरे भिया, बी.ए. झालास की सीधा तहसीलदार! व्यापार शिकायला मुंबईला कशाला मरायला जायचं? बदनावरला एखाद्या शेठजीच्या गादीवर बस चार महिने, फुकट शिकवील तो."

"काका, आपल्या माळव्याचा कापूस, आणि भाव ठरवतो मुंबईचा दलाल," शालिग्राम म्हणाला. "तो कसा ठरतो, जहाजावर चढला की पुढं त्याचं काय होतं, हे मला शिकायचंय. इंदूरला हे कोण शिकवणार?"

हे बोलताना त्याचे डोळे असे काही चमकत, की दुर्गाला त्या न पाहिलेल्या मुंबईचा हेवा वाटे. धारहून नांदायला येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. आत्ता कुठं तो तिच्याशी दोन शब्द बोलू लागला होता, आणि ते दोन शब्द ती आठवडाभर पुरवून वापरी. आता तेही जाणार होते.

शेवटी सासूबाईंनी, उमाबाईंनी, वादच मिटवला. "माणसांचं एकमत होत नाही ना? मग देवीला कौल लावू."

देव्हाऱ्यातल्या भवानीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक कळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर इंदूर, डावी पडली तर मुंबई. उमाबाईंचे हात कापत, म्हणून कळ्या लावायचं काम सुनेकडं आलं. दुर्गानं डावी कळी चांगली निथळती भिजवून घट्ट दाबली. उजवीला नुसतं ओलं बोट लावलं. सगळे डोळे मिटून हात जोडतात न जोडतात तोच उजवी कळी टपकन खाली आली.

"दिला गं बाई, आईनं उजवा कौल दिला!" उमाबाईंनी गूळ वाटला. शालिग्रामनं देवीला नमस्कार केला आणि आपलाही गुळाचा खडा मुकाट्यानं तोंडात टाकला.

तो इंदूरला गेला आणि ठरल्याप्रमाणे दर शनिवारी येऊ लागला. दुर्गा दुपारपासूनच चुलीपाशी असे, कणकेचे बाफले भाजून तुपात बुडवून ठेवी. तो जेवे, "छान झालंय" म्हणे, आणि ओट्यावर जाऊन मुंबईकडं जाणाऱ्या सडकेकडं बघत बसे. सडक इंदूरवरूनच पुढं जाते, हे तिलाही ठाऊक होतं. पूर्वीचे ते दोन शब्दही आता उरले नव्हते. आठवडाभर ती त्याची वाट पाही, आणि तो आल्यावरही तिचं वाट पाहणं संपत नसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं देव्हारा पुसताना तिला देवीच्या डोळ्याला डोळा देता येईना.

माघातल्या एका शनिवारी ती ओट्यावर त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अहो, तो कौल देवीचा नव्हता. मी दिला होता."

शालिग्रामनं मान वळवली.

"इंदूरची कळी मी भिजवलीच नव्हती."

त्यानं पुन्हा सडकेकडं पाहिलं. मग म्हणाला, "का?"

"तुम्ही शनिवारी घरी यावं म्हणून."

"मग आज का सांगतेस?"

"तुम्ही येतच नाही म्हणून."

ते त्याला लागलं असावं. त्यानं मान खाली घातली. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आईला सांगशील हे?" त्यानं विचारलं.

"आत्ता जाऊन सांगते. मारतील तर मारू देत."

"थांब. दोघं मिळून सांगू." तो उठला. "म्हणजे देवीची ना नव्हती, दुर्गा! या जूनमध्ये मुंबईला अर्ज करता येईल. एक वर्ष फुकट गेलं, जाऊ दे."

दिवसाउजेडी, भर ओट्यावर, त्यानं तिचा हात धरला. आणि तिच्या तोंडाकडं बघत तो बोलतच सुटला: गोदी, जहाजं, कापसाच्या गाठी, तिला मुंबईहून दर आठवड्याला पत्र लिहिणार, तिनं वाचायला शिकावं. त्याचे डोळे आता तसेच चमकत होते, आणि या खेपेला ते तिच्याकडं बघत होते. लग्न झाल्यापासून तिला दुसरं काहीच नको होतं.

"ऐकतेयस ना?" त्यानं विचारलं.

दुर्गानं मान डोलावली. जूनला चार महिने होते.