मन घेत नाही

जून लागला की लातुरात पुस्तकांच्या आधी खोल्या शोधल्या जातात. गावोगावची हुशार मुलं गादी, बादली आणि आईवडील बरोबर घेऊन एस्टीतून उतरतात आणि क्लासच्या आसपासच्या गल्ल्यांत दारं ठोठावत फिरतात. दोन हजार तेराच्या जूनमध्ये अशाच एका गल्लीत, शिवमूर्तीअप्पांच्या दारावर भर दुपारी थाप पडली.

शिवमूर्तीअप्पा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता हो! खोटं बोलायचा नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्या क्लासच्या मुलींना देत. एका खोलीत बुद्धप्रिया राहायची. ती डॉक्टर होण्यासाठी दुसऱ्यांदा परीक्षा देणार होती. दुसरी खोली रिकामी होती आणि फाटकावर तशी पाटीही लावलेली होती.

दारात एक बाई आणि तिची मुलगी उभी होती. बाईच्या हातात वळकटी, मुलीच्या हातात गुणपत्रिकेची फाईल.

"अप्पा, खोली खाली हाय म्हणून पाटी दिसली," बाई म्हणाली. "मी बानो. नांदेडकडच्या नायगावहून आलाव. ही आलिया. उद्यापासून हिचा क्लास हाय. सकाळपासून पाच घरं झाली. घरी ल्हानी दोघं हायत, मला पाचच्या गाडीनं निघावं लागतंय. खोली न्हाई मिळाली तर पोरीला बी संगं घेऊन जावं लागंल."

आधीच्या पाच घरांनी 'कालच दिली' असं सांगितलं होतं. अप्पा तसं खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मायलेकींची नावं ऐकली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "माफ करा बाई. खोली हाय. पण मन घेत न्हाई."

बानोनं कारण विचारलं नाही. सहाव्या घरी माणूस कारण विचारायचं सोडून देतो. आलियानं फाईल छातीशी धरली आणि दोघी फाटक लावून निघून गेल्या.

अप्पा समाधानानं आत आले. तिथे जेवणाच्या टेबलावर बुद्धप्रिया सराव परीक्षेचा कागद घेऊन बसली होती. तिचे कागद तपासायचा अप्पांना भारी नाद. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. आणि तो एक गुण कापताना अप्पांच्या लाल पेनाला विशेष धार चढायची.

"सात तुक्के!" अप्पा कडाडले. "किती येळा सांगू पोरी? माहीत असंल तरच गोल काळा कर. नुस्तं वाटतंय म्हणून ठोकून द्यायचं न्हाई. अंदाजाला गुण न्हाईत, उलटे जातात!"

बुद्धप्रियानं सगळं ऐकलं होतं, दारातलंही. तिनं चटकन एक कोरा कागद ओढला, त्यावर भराभर काहीतरी लिहिलं आणि अप्पांपुढे सरकवला.

"अप्पा, आता तुम्ही सोडवा. तीनच प्रश्न हायत. नियम तुमचेच."

अप्पांनी चष्मा लावला. पहिला प्रश्न: आलियाला बारावीला किती गुण पडले? दुसरा: तिची आई काय काम करते? खाली चार चार पर्याय. अप्पांनी पेन्सिल उचलली, ठेवली, आणि नियमाप्रमाणे दोन्ही गोल मोकळे सोडले.

तिसरा प्रश्न होता: आलियाला खोली दिली तर घरात काय वाईट होईल? चौथा पर्याय होता, 'काहीतरी'. अप्पांनी तो गोल काळाकुट्ट केला.

"तुक्का!" बुद्धप्रिया टाळी वाजवून ओरडली. "वजा एक!"

"तुक्का कसा? माझं मन कधी चुकत न्हाई!"

"मी खोली मागायला आले तवा काय म्हणलं होतं तुमचं मन?"

अप्पा गडबडले. "पोरगी शांत दिसते म्हणून…" आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. कारण बुद्धप्रिया जीवशास्त्र मोठमोठ्यानं म्हणून पाठ करायची आणि बेडकाची पचनसंस्था आता अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती.

पण अप्पा हार मानणारे नव्हते. त्यांनी ठेवणीतला दाखला काढला. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव, त्र्याण्णवचा भूकंप. "त्या राती मला घरात झोपायला मन घेईना. अंगणात घोंगडी टाकली म्हणून वाचलो. पहाटं घर बसलं! आतून आवाज येतो पोरी, तो खराच असतो."

ही गोष्ट त्यांनी वीस वर्षांत किती जणांना सांगितली असेल, गणती नाही. आज मात्र स्वयंपाकघरातून शरणम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या. अप्पांच्या पत्नी. वीस वर्षं त्या या गोष्टीला गप्प बसल्या होत्या.

"मन घेईना?" त्या म्हणाल्या. "अहो, बाजंत ढेकूण झाले होते! फोडून काढलं तुम्हाला, म्हणून शिव्या घालत अंगणात गेलात!"

बुद्धप्रिया खुर्चीवरून पडायची राहिली. हसता हसता तिला ठसका लागला.

"आन् मन एवढं सांगत होतं," शरणम्मा पुढे म्हणाल्या, "तर मला आत कसं ठिवलंत?"

त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते. "दोन हात जाड भिंत, ती काय पडतीय, असं आख्ख्या गावाचं मन म्हणत होतं. आपलं बी. तीच भिंत माझ्या अंगावर आली. वाटणं खरं असतं तर आपलं गाव उभं असतं."

"मंग मनाचं ऐकायचंच न्हाई का?" अप्पांचा आवाज उतरला होता.

"ऐकायचं की! दुपारपतुर मला मातीतून उकरून काढलं, ती माणसं कुठली होती, तुम्हाला ठावं हाय? मला बी न्हाई. त्यांनी माझं नाव इचारलं न्हाई, मी त्यांचं न्हाई. आत कुणीतरी कण्हतंय, एवढं कळलं आन् हात घातले. ते बी मनाचंच ऐकणं की हो! पण नीट बघा. हात द्यायला पुरावा लागत न्हाई. हात आखडायचा तर लागतो!"

अप्पांनी समोरच्या कागदावरचा तो काळाकुट्ट गोल पुन्हा पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे तुक्के लाल पेनानं कापणारा हा माणूस! स्वतःच्या मनाला मात्र त्यानं कधी एक गुणही वजा केला नव्हता. मनाला वाटलं, इथवर ठीक; वाटण्याला कुणाचा इलाज? पण वाटलेलं आपण मानून बसलो, मानलेलं माहीत असल्यासारखं बोललो, आणि त्याच्या जोरावर एका पोरीच्या वर्षाचं दार लावलं! अप्पांना लाज वाटली, खरोखरची लाज.

घड्याळात साडेचार झाले होते.

"स्कूटरची किल्ली!" अप्पा ओरडले. "शरणम्मा, बसा मागं!"

बसस्टँडवर नांदेडची गाडी फलाटाला लागलेली होती. आलिया पायरीवर एक पाय ठेवून वळकटी आत ढकलत होती. अप्पांनी स्कूटर कशीबशी टेकवली आणि धापा टाकत पोहोचले.

"बाई, थांबा! खोली तुमचीच हाय. मन घेत न्हाई म्हणलो, ते खोटं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, एवढंच खरं होतं. चुकलं माझं!"

बानोनं मुलीकडे पाहिलं. बोलली ती आलिया, मान ताठ करून. "पण अप्पा, आता माझं मन घेत न्हाई."

शरणम्मांनी तोंडाला पदर लावला. अप्पा मात्र मनापासून हसले. "बराबर हाय पोरी! मनावर सोडू नको. घर बघ, वरच्या पोरीला इचार, मंग ठरव. न्हाई पटलं तर पुढच्या गाडीला मीच आणून सोडतो."

मायलेकी आल्या. शेजारणीला फोन करून बानोनं ल्हान्या दोघांची रातची सोय लावली. मग तिनं खोलीची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली. आलियानं बुद्धप्रियाला कोपऱ्यात घेऊन बरंच काही विचारलं. शेवटी बानोनं वाकून बाजेखाली पाहिलं आणि विचारलं, "अप्पा, ढेकूण तर न्हाईत ना?"

बुद्धप्रियानं हसता हसता जी किंकाळी फोडली, तिनं गल्लीतली माणसं बाहेर आली. शरणम्मा हसत हसत भिंतीला टेकल्या. अप्पांनी दोन्ही हात जोडले. "न्हाईत बाई. हे मात्र मला पक्कं माहीत हाय, काल मीच बाज उन्हात टाकून औषध मारलंय!"

आलियानं वळकटी सोडून बाजेवर पसरली.

वाचकहो, मन तुम्हालाही आहे, मलाही आहे, आणि ते काहीबाही सांगत राहणारच. ते मदत कर म्हणालं तर लगेच उठावं. पण कुणाला दार लाव म्हणालं, तर त्याला आधी विचारावं, तुला हे माहीत आहे की नुसतं वाटतंय? उत्तर येत नसेल तर दार उघडंच ठेवावं. अप्पांनी तेव्हापासून फाटकावरची पाटीच बदलली आहे. 'मुलींसाठी खोली मिळेल. आधी येऊन पाहावी. आम्हीही तुम्हाला भेटूनच ठरवू.' खाली लाल पेनानं एक ओळ बुद्धप्रियानं वाढवली आहे: 'येथे तुक्का चालत नाही!'