खालच्या कोपऱ्यातले दोन टिपके

मोहनाने केतनभाईंच्या हातातला माउस जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"थांबा. ही बाराही पानं मी केलीत."

पडद्यावर पादरा गावातल्या एका पंप-कारखान्याची वेबसाइट होती. मोडेमने कुंथत कुंथत ती उघडायला पाच मिनिटं घेतली होती. मॉनिटरच्या कपाळावर धनतेरसच्या पूजेचं कुंकू अजून वाळून चिकटलेलं होतं.

केतनभाई गुजराती, पण दांडिया बाजारात, मराठी शेजारात वाढलेले. मराठी फाडफाड बोलायचे.

"बेन, मंगळवारी तुमच्या जुन्या ऑफिसातला केयूर येऊन गेला. ह्याच खुर्चीत बसला, हीच पानं दाखवली, हेच बोलला. नोकरीची जागा एकच आहे. मी कोणाचं खरं मानू, बोला ने?"

मोहनाने फाइल उघडली आणि मिटली. आत नुसत्या प्रिंट होत्या. प्रिंट काय, कुणीही काढतं. दोन वर्षं घासून घेतलं तिथल्या मालकाने, आणि सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं तर म्हणाला, काम कंपनीचं, तुझं काय त्यात? पानांवर नावही त्याचंच. माणूस गेला की त्याचे हातसुद्धा आपलेच, अशी समजूत असते असल्यांची.

तिने पान तळाशी नेलं. हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात काहीतरी कचऱ्यासारखं होतं. तिने तेवढाच तुकडा उचलून आठपट मोठा केला. दोन टिपके. एक पिवळा, एक लाल.

"नव्या कामाला हळदकुंकू लावतात आमच्याकडे. मी प्रत्येक पानाला लावलं. मालकाला दोन वर्षांत दिसलं नाही."

"केयूरनेही लावलं असेल."

"तेराव्या पानावर त्यानेच लावलंय. मी सोडल्यावरचं आहे ते, नव्या मोटरचं. उघडा."

तेरावं पान उघडलं. तिथेही टिपके होते, पण पट्टीच्या दुसऱ्या टोकाला. केतनभाईंनी खांदे उडवले.

"सेम तो सेम."

"त्या बाईंना विचारा."

हिशेब बघणाऱ्या कौशल्याबाई पलीकडच्या टेबलावर बसून मघापासून कान देत होत्या. त्या चष्मा पुशीत आल्या, पडद्यापाशी वाकल्या.

"कौशल्याबेन, हे काय आहे?"

"हळदकुंकू, दुसरं काय?" मग त्यांनी तेराव्या पानावर बोट ठेवलं. "पण हे कुणी केलंय, भाई? आधी कुंकू नि मग हळद? कुठल्या बाईच्या हातचं नाही हे."

"म्हणजे?"

"आधी हळद लावतात, मग कुंकू. झोपेतसुद्धा चुकत नाही हात. ह्याने काय, छापील ठसा उलटा मारलाय?"

"पट्टी उलटी फिरवून चिकटवलीय," मोहना म्हणाली. "टिपके काय आहेत ते त्याला ठाऊकच नाही. नक्षी समजला असेल."

केतनभाईंनी पहिलं पान पुन्हा उघडलं. मग पाचवं, मग नववं. प्रत्येक ठिकाणी आधी पिवळा, मग लाल. दर पानाला मोडेम पुन्हा कुंथत होता.

"बराबर," ते शेवटी म्हणाले. "काम तुमचं. सोमवारपासून या."

मोहनाने श्वास सोडला.

"पण एक. आपल्याकडे हे टिपके चालणार नाहीत. ग्राहकाचं पान ते ग्राहकाचं. खाली नाव कंपनीचं, बस."

मोहनाने फाइल उचलली. गुडघ्यावर ठेवली. घरी आईने विचारलं तर सांगायला निदान नोकरी तरी होती. मग मॉनिटरकडे बोट केलं.

"आणि हे?"

"काय हे?"

"वरचं कुंकू. मशीन तर कंपनीचं आहे ना? जाताजाता पुसून जाऊ?"

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. केतनभाईंचा हात आपोआप मॉनिटरच्या कपाळाकडे गेला आणि तिथेच, त्या वाळक्या टिपक्यावर, झाकण घातल्यासारखा थांबला.

"सोमवारी दहाला," ते म्हणाले.

टिपक्यांचं पुढे काही बोलले नाहीत.