मालनबाईंचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, तळहातावर मावेल एवढी. माझ्यात मालनबाईंचा आवाज होता आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता. म्हणून मला सारखी भीती वाटे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यावर लग्नातली गाणी होती. पाथर्डीच्या बाजारात रंगनाथ आबांनी मला विकत घेतले. तेव्हा ते आबा नव्हते, तरणे होते. ते आणि मालनबाई दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जात. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा कल्याण तिसगावात आजीजवळ राही. दोघांनाही लिहिता येत नव्हते. मग टोळीतले बाकीचे करत तेच त्यांनी केले. कॅसेटवर बोलायचे आणि गावाकडे निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती ती धाडायची. गाण्यांच्या कॅसेटवर पुन्हा आवाज भरता येऊ नये म्हणून कडेला दोन भोके ठेवलेली असतात. आबांनी त्यांत कागदाचे बोळे कोंबले आणि माझी गाणी पुसली जाऊ लागली. मी फार घाबरले होते. पण उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत बसून मालनबाई बोलू लागल्या, आणि मला गाण्यांचे काही वाटेनासे झाले.

कल्याण मला रोज ऐके. शेजारणी येऊन बसत. "कशी म्होरं बसून बोलतीया बाई!" म्हणत. पुढे मोबाईल आले. घरातला टेप बिघडला, भंगारात गेला. मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिले.

दोन वर्षांपूर्वी मालनबाई वारल्या. आबांनी मला शोधून काढले, पण वाजवायला कुठे नेले नाही. नुसते उपरण्याने पुसत. उन्हाळ्यात गोधड्या आणि डाळी वाळत घालत, तशी मलाही पत्र्यावर ठेवत. ओल लागू नये, एवढाच त्यांचा विचार. माया होती ती. पण दोन उन्हाळ्यांत माझे अंग वाकले, आतली फीत एकमेकीला चिकटू लागली. मला ओरडता येत नव्हते.

यंदा कल्याणची मुलगी संस्कृती नववीत आहे. तिचे आईवडीलही ऊसतोडीला गेलेले. इतिहासाच्या प्रकल्पाला तिने विषय घेतला, आमच्या गावची ऊसतोड. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "लिखित, भौतिक आणि मौखिक, तिन्ही साधने हवीत." वाचनालयात राजेरजवाड्यांची पुस्तके होती, ऊसतोडीचे एकही नव्हते. शाळेच्या जुन्या हजेरीत मात्र तिला मुलांच्या नावांपुढे लाल शाईत 'ऊसतोडीस गेला' असे शेरे सापडले. हे झाले लिखित साधन. भौतिक म्हणून घरचा कोयता. मौखिक साधन काही मिळेना. आबांना विचारले की ते उठून गोठ्यात जात. मालनबाई गेल्यापासून ते कामापुरतेच बोलत.

मग एका रविवारी तिने पेटी उघडली.

"ठिव ती खाली!" आबा दारातून ओरडले. तिच्या हातात मी होते. आम्ही दोघीही दचकलो.

"आबा, आजीचा आवाज हाय ना हिच्यात? ऐकू द्या की एकदा."

"तुटली म्हंजी?"

"तुटंल कशी? जपून वाजवू."

आबा खाटेवर टेकले. "तुटली तर ती दुसऱ्यांदा जाईल गं," ते म्हणाले.

संस्कृती म्हणाली, "आन न्हाई वाजवली तर कुठं हाय ती?"

आबा खाटेवरून उठले. पायात चपला घातल्या.

बाजारपेठेत भागवत मिस्तरी मोटारी दुरुस्त करतो. त्याच्याकडे एक चालू टेप होता. त्याने मला उजेडात धरले आणि तोंड वाकडे केले.

"काय आबा, पापड समजून उन्हात घातली व्हय हिला?"

आबा खाली बघू लागले. भागवतने थट्टा सोडली. "एकदा वाजंल," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा भरवसा न्हाई. पोरी, मोबाईल चालू कर आन कुनी खोकू नका."

आईवडिलांशी बोलायला घरी ठेवलेला मोबाईल संस्कृतीने टेपजवळ धरला. खटका दाबला गेला. माझी फीत ताणली गेली, कुठे कुठे चिकटून सुटू लागली. मित्रांनो, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. या बाईंचे एक अक्षर सांडले तर मी कुठून आणू?

"कल्याण, ऐकतुस का रं?" मालनबाई बोलल्या. टेप ठेवला होता ती फळी आबांनी घट्ट धरली. "हितं लई थंडी हाय. पहाटं तीनला उठतो आमी. पाचट पेटवून हात शेकतो. माझं बोट कापलं हुतं, आता बरं हाय, आजीला सांगू नगं. तुझा बा मोळी उचलताना पडला, बैलबी हसले त्याला..." मागे एका तरण्या माणसाचे हसू ऐकू आले. ते आबांचेच होते. मग मालनबाईंचा आवाज हळू झाला. "कल्याण, मी आल्यावर..."

कट् असा आवाज झाला. मी तुटले.

भागवतने मला बाहेर काढले, उलगडून पाहिले. "म्होरची फीत सगळी चिकटलीया. रंग निघालाय तिचा. आता न्हाई त्यात काही."

संस्कृती रडू लागली. "आबा, माझ्यामुळं झालं."

आबा फळीकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "'मी आल्यावर वळखशील ना रं मला?' आसं म्हनली हुती ती. आदल्या साली पोरगं भ्यालं हुतं तिला. आमी परत आलो तवा आईला बघून आजीच्या मागं लपलं. तवापासून तिला त्याच एका गोष्टीचं भ्या. एवढं बोलली आन रडाय लागली. मग मीच टेप बंद केला."

मोबाईल अजून चालू होता. संस्कृतीने तो टेपजवळून उचलला आणि आबांपुढे धरला. "मग काय झालं, आबा?"

आबा बोलू लागले. भागवतने दुकानातला पंखा बंद केला, आवाज नको म्हणून.

संस्कृतीने प्रकल्पात लिहिले: 'मौखिक साधने. एक, मालनबाई, कॅसेट. दोन, रंगनाथ, वय चौसष्ट, ऊसतोड मजूर.' आबा म्हणाले, "माझं नाव कशाला गं?" तरी ते कुठे लिहिले आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवायला लावले.

मित्रांनो, मी आता वाजत नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल, तर त्यातला आवाज वेळेवर उतरवून घ्या. आणि तो आवाज भरताना शेजारी बसलेले माणूस अजून घरात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. ते एकदा उठून जाईल, दोनदा जाईल. तुम्ही पुन्हा विचारा.