दोन्ही बाह्या डाव्या

गांधीबागेतल्या कापडबाजारामागच्या गल्लीत कौसल्याबाईंचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि त्या दुकानात मापांची वही नाही. कधी नव्हतीच. गिऱ्हाईक आलं की कौसल्याबाई तिला आपादमस्तक न्याहाळणार, अंगानं भरली म्हणून थट्टा करणार आणि छाती, कंबर, बाही, गळा सगळं घडाघडा म्हणून दाखवणार. दोनेकशे बायांची मापं हिच्या जिभेवर, असं त्यांचे यजमान गोपाळराव येईल त्याला कौतुकानं सांगत. चाळीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसून त्यांना स्वतःला चार मापं पाठ झाली नव्हती.

म्हणूनच गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लागलेल्या दिसल्या, तेव्हा त्यांना आधी हसू आलं. दुसऱ्यांदा दिसल्या तेव्हा हसू आलं नाही. मग टक भलत्या जागी पडू लागले, हुका उलट्या पट्टीला लागू लागल्या. दुपारी कौसल्याबाईंचा डोळा लागला की गोपाळराव गुपचूप उसवून सगळं नीट शिवून ठेवत. बायकोचं नाव राखलं, याचं त्या भल्या माणसाला केवढं समाधान! तिचं दुखणंही आपण त्याच सुईदोऱ्यानं झाकतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

लेकीला, भावनाला सांगितलं, तर तिनं त्यांनाच वेड्यात काढलं. आई फोनवर अख्ख्या गोतावळ्याची खबर जन्मतारखांसकट देते, विसरभोळे तर तुम्हीच, असं ती म्हणाली. तरी तिनं आईला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पंधरा शब्द वाचून दाखवले. कौसल्याबाईंनी चौदा परत सांगितले आणि डॉक्टरांच्या शर्टाचा खांदा उतरला आहे हेही सांगून टाकलं. गंमत म्हणून गोपाळरावांची परीक्षा घेतली, तर त्यांची गाडी सहावर अडली. परत येताना भावनानं रस्ता ओलांडायला हात धरला तो वडिलांचा.

पण गोपाळराव हटले नाहीत. महिन्याभरानं ते बायकोला धरमपेठेत डॉक्टर मिनल यांच्याकडे घेऊन गेले. तिथंही चौदा शब्द आले. डॉक्टरांनी हसून कागद बाजूला सारला, तेव्हा गोपाळरावांनी पिशवीतून तीन ब्लाऊज काढून टेबलावर मांडले. या खेपेला त्यांनी ते उसवले नव्हते. वर्षभराची आपली चोरीही त्यांनी तिथंच, बायकोसमोर कबूल केली.

"जीभ शाबूत हाय मॅडम," ते म्हणाले, "हात चुकून राह्यला."

डॉक्टरांनी एकेक ब्लाऊज उलटून पाहिला आणि कागद पुन्हा पुढ्यात ओढला. शब्द ध्यानात ठेवण्यात बायका सरासरीनं पुरुषांच्या पुढे असतात, त्यांनी समजावलं. अल्झायमरमुळे मेंदू झिजू लागला तरी कित्येक जणी त्या बळावर बराच काळ निभावून नेतात, आणि चाचणीत पास-नापासची रेघ मात्र बाईला नि पुरुषाला एकच. निदान होईस्तोवर उशीर होतो. शिंप्याला हे लगेच पटलं. सगळ्यांना एकाच मापानं शिवलं तर दुसरं काय होणार? मेंदूचा स्कॅन करायचा ठरला.

आठवेल ते सगळं सांगून टाकावं म्हणून गोपाळराव पुढे म्हणाले, "पहिले शिलाईच्या आत बोटभर कापड ठेवे, आता चार-चार बोटं ठेवते. तेही भान नाही राह्यलं तिले."

कौसल्याबाईंनी एक ब्लाऊज ओढून मांडीवर घेतला.

"भान हाय म्हणूनच ठेवते," त्या म्हणाल्या. "माह्या हाताचा भरवसा नाही राह्यला, हे मले तुमच्या आधी समजलं. तुम्ही दुपारी उसवून राह्यले, तेही मले माहीत होतं. कापड पुरलंच नसतं, तर तुम्ही दुरुस्त कसं केलं असतं?"

वर्षभर आपण हिला सांभाळतो आहोत असं समजून गोपाळराव मनातल्या मनात फुशारले होते, आणि ही बाई बिघडत्या हातानं त्यांच्यासाठी जागा सोडत होती. एवढी शहाणी बायको आपल्या वाट्याला आली याचा अभिमान आणि ती हातची निसटणार याचं दुःख, दोन्ही त्यांना एकदमच जाणवलं. मग काहून बोलली नाही वं, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्ही इतक्या मायेनं लपवून राह्यले, तं मी कशी बोलू?" कौसल्याबाईंनी ब्लाऊजची घडी घातली. "पण आता तपासून टाकू. उद्या जादा कापड ठेवायचंही ध्यानात नाही राहीन, त्याच्या आधी."